ज्याचा पुरावा नाही, त्यालाही अभय

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या स्कमेनिया काउंटीने 1969 मध्ये एक विलक्षण कायदा केला. सॅस्क्वाच अथवा 'बिगफूट' नामक केसाळ, द्विपाद, महाकाय प्राण्याची हत्या करणाऱ्यास दहा हजार डॉलरपर्यंत दंड व पाच वर्षांपर्यंत कारावास! तारीख होती 1 एप्रिल. त्यामुळे ही थट्टा नव्हे, असा खुलासाही करावा लागला. हा प्राणी अस्तित्वात असल्याचे तेव्हा सिद्ध झालेले नव्हते; आजही नाही.

या प्राण्याची कीर्ती पसरली ती पाऊलखुणांमुळे. 1958 मध्ये कॅलिफोर्नियातील ब्लफ क्रीकच्या अरण्यात रस्त्याचे काम चालू असताना जेराल्ड क्रू या बुलडोझरचालकास आपल्या यंत्राभोवती सुमारे सोळा इंच लांबीची पावले उमटलेली दिसली. त्याने प्लास्टरचा ठसा घेतला, वृत्तपत्रात छायाचित्र आले आणि 'बिगफूट' हे नाव सर्वतोमुखी झाले. पुढे 2002 मध्ये त्या कामाचा कंत्राटदार रे वॉलेस निवर्तला, तेव्हा कुटुंबीयांनी लाकडात कोरलेले मोठे पाय पुढे आणले व ही करामत त्याचीच असल्याचे सांगितले. श्रद्धावंतांना ते पटले नाही, हे ओघानेच आले.

बँकेत धनादेशावरील सही पडताळताना आम्ही नमुना सही समोर ठेवीत असू. येथे नेमकी तीच गैरहजर! एका ठशाची तुलना दुसऱ्या ठशाशी होते. मूळ पाऊल मात्र कोणाच्याच दप्तरी नाही. शिवाय अस्वल चालताना त्याचा मागचा पाय पुढच्या पायाच्या खुणेवर अंशतः पडला, तर मानवी पावलासारखा लांबट ठसा उमटतो. एका शोधकाने पाठविलेले केस अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेने तपासले. 1977 मध्ये ते हरिणकुळातील प्राण्याचे असल्याचा निष्कर्ष निघाला.

मग पुरावा मिळावा कसा? ग्रोव्हर क्रांत्झ या मानववंशशास्त्रज्ञाचे उत्तर ऐकून आपल्यासारख्यांच्या अंगावर काटा येतो: एक प्राणी मारून त्याचे कलेवर सादर करावे. विज्ञानाला प्रत्यक्ष नमुना लागतो, हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हे. परंतु तो प्राणी खरोखर असलाच, तर अत्यंत दुर्मिळ असणार. आणि त्याच्या अस्तित्वाची नोंद त्याच्याच मृत्यूने व्हावी, हा हिशेब माझ्या मनास पटत नाही.

स्कमेनियाच्या अधिकाऱ्यांनी केवळ जीवदयेपोटी कायदा केला, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. बंदुका घेऊन रानात शिरणाऱ्या हौशी शोधकांपासून माणसांनाही धोका होता. केसाळ पोशाख चढवून गंमत करणारा एखादा तरुण गोळीस बळी पडला असता तर? 1984 मध्ये त्यांनी शिक्षा सौम्य केल्या, तथापि कायदा मागे घेतला नाही. उलट साऱ्या काउंटीलाच सॅस्क्वाचचे अभयारण्य म्हणून घोषित केले.