चेहऱ्यावर जाळी हवी की नको?
आइस हॉकीतील पूर्ण मुखकवचाचा वाद : वैद्यकशास्त्राचे उत्तर तयार, पण खेळाडूंचे मन तयार नाही

विशेष प्रतिनिधी

ताशी १६० किलोमीटरहून अधिक वेगाने येणारी कठीण रबराची चकती चेहऱ्यावर आदळली, तर काय होईल, हे सांगण्यासाठी डॉक्टरच असण्याची गरज नाही. तरीही आइस हॉकीच्या जगातील सर्वांत श्रीमंत स्पर्धेत, म्हणजे उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीग अर्थात एनएचएलमध्ये, गोलरक्षक वगळता अन्य खेळाडूंचे ओठ, दात आणि जबडा उघडेच असतात. त्याच खंडातील शाळकरी मुलांना आणि अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळाडूंना मात्र संपूर्ण चेहरा झाकणारे कवच घातल्याशिवाय बर्फावर उतरता येत नाही. जो धोका विद्यार्थ्याला आहे, तोच व्यावसायिक खेळाडूलाही आहे. किंबहुना वेग आणि ताकद वाढल्यामुळे तो अधिकच आहे. मग नियम वेगळा का? आइस हॉकीत अनेक दशके सुरू असलेल्या वादाचे मूळ या प्रश्नात आहे.

भारतात हा खेळ मुख्यतः लडाखच्या गोठलेल्या तळ्यांवर खेळला जातो. आपल्या परिचयाच्या हॉकीपेक्षा त्याचे स्वरूप बरेच वेगळे आहे. चेंडूऐवजी येथे 'पक' नावाची चकती असते. तिचा व्यास तीन इंच, जाडी एक इंच आणि वजन १५६ ते १७० ग्रॅम. बर्फावर ती उसळू नये म्हणून सामन्यापूर्वी ती गोठवली जाते. खेळाडूंच्या हाती लांब स्टिक आणि पायांत धारदार पात्यांचे स्केट्स असतात. मैदानाला चारही बाजूंनी भक्कम फळ्यांची भिंत असते आणि प्रतिस्पर्ध्याला अंगाने धडक देणे हा पुरुषांच्या खेळाचा मान्यताप्राप्त भाग आहे. चेहऱ्याला धोका असतो तो पकपासून, स्टिकपासून, स्केटपासून आणि समोरच्या खेळाडूच्या कोपरापासून.

कवचाचे प्रकार

चेहऱ्याच्या संरक्षणाच्या तीन पायऱ्या मानल्या जातात. पहिली, काहीच न वापरणे. दुसरी, अर्धे मुखकवच. हेल्मेटच्या पुढील कडेला बसवलेला हा पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा पडदा साधारण नाकापर्यंत येतो. त्याला व्हायझर म्हणतात. तिसरी पायरी म्हणजे पूर्ण मुखकवच. कपाळापासून हनुवटीपर्यंतचा भाग झाकणारी धातूची जाळी किंवा तेवढाच मोठा पारदर्शक पडदा, असे त्याचे स्वरूप असते. जाळीची छिद्रे इतकी लहान ठेवलेली असतात, की पक किंवा स्टिकचे टोक आत शिरू नये.

व्हायझर डोळ्यांना मोठा आधार देतो, परंतु तो खालून उघडा असतो. खालच्या बाजूने वर उचललेली स्टिक त्याच्या आतही शिरू शकते, आणि दात व जबड्यासाठी तर त्याचा काहीच उपयोग नाही. पिट्सबर्ग पेंग्विन्सचा कर्णधार सिडनी क्रॉस्बी व्हायझर वापरत असे. तरीही मार्च २०१३ मध्ये त्याच्याच सहकाऱ्याने मारलेला पक तोंडावर बसून त्याचा जबडा मोडला आणि काही दात गेले. तो पुन्हा खेळू लागला, तेव्हा त्याच्या हेल्मेटला जबडा झाकणारे खास कवच जोडलेले होते. इजा झाल्यानंतर जे आवश्यक ठरते, ते इजा होण्यापूर्वी अनावश्यक कसे, हा प्रश्न त्यातून साहजिकच उभा राहतो.

प्रत्येक सुधारणेआधी रक्त

या खेळातील संरक्षक साधनांचा इतिहास पाहिला, तर एक क्रम पुन्हा पुन्हा दिसतो. आधी गंभीर इजा, मग साधनाची थट्टा, त्यानंतर हळूहळू स्वीकार आणि सर्वांत शेवटी नियम. मॉन्ट्रियल कॅनेडियन्सचा गोलरक्षक जॅक प्लांट सरावात मुखवटा वापरत असे, पण सामन्यात तो घालण्यास प्रशिक्षक टो ब्लेक यांचा विरोध होता. १ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यू यॉर्क येथे अँडी बाथगेटचा फटका प्लांटच्या चेहऱ्यावर बसला. टाके घातल्यानंतर 'मुखवटा घालू देत असाल तरच खेळेन' अशी भूमिका त्याने घेतली. संघाकडे दुसरा तयार गोलरक्षक नसल्याने प्रशिक्षकांचा नाइलाज झाला. मॉन्ट्रियलने तो सामना ३-१ असा जिंकला आणि त्या हंगामाचा स्टॅनले चषकही. मुखवट्यामुळे गोलरक्षक भित्रा होतो, या समजुतीला त्यानंतर फारसा आधार उरला नाही. तरीही मुखवट्याविना खेळणारा अखेरचा गोलरक्षक एनएचएलमधून दिसेनासा होण्यास १९७४ साल उजाडावे लागले.

हेल्मेटची कथा अधिक करुण आहे. १३ जानेवारी १९६८ रोजी मिनेसोटा नॉर्थ स्टार्सचा बिल मास्टरटन धडकेनंतर मागे कोसळला आणि त्याचे डोके बर्फावर आपटले. त्याने हेल्मेट घातले नव्हते. दोन दिवसांनी त्याचा मृत्यू झाला. मैदानावरील दुखापतीमुळे प्राण गमावलेला तो एनएचएलचा एकमेव खेळाडू होय. त्यानंतरही हेल्मेटची सक्ती होण्यास ११ वर्षे लागली. १९७९ मध्ये आलेल्या त्या नियमातही जुन्या खेळाडूंना सवलत होती. १ जून १९७९ पूर्वी करार केलेल्यांना हेल्मेटविना खेळण्याची मुभा राहिली. अशा प्रकारे खेळणारा शेवटचा खेळाडू क्रेग मॅक्टॅविश १९९७ मध्ये निवृत्त झाला. क्रिकेट पाहत वाढलेल्या वाचकांना ही दिरंगाई अनोळखी वाटणार नाही. १९६२ मध्ये बार्बाडोसमध्ये नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या कवटीला गंभीर इजा होऊन त्यांची कसोटी कारकीर्द संपली, तरी फलंदाजांच्या डोक्यावर हेल्मेट दिसू लागण्यास दीड दशकाहून अधिक काळ लोटला.

व्हायझरबाबत हेच घडले. ११ मार्च २००० रोजी टोरोंटो मेपल लीफ्सचा २३ वर्षांचा बचावपटू ब्रायन बेरार्ड याच्या उजव्या डोळ्यावर प्रतिस्पर्ध्याच्या स्टिकचे टोक बसले. त्याने व्हायझर घातला नव्हता. त्या डोळ्याची बहुतांश दृष्टी गेली. अनेक शस्त्रक्रिया आणि खास कॉन्टॅक्ट लेन्स यांच्या आधारे दृष्टीचा किमान निकष कसाबसा पूर्ण करून, विम्याच्या ६५ लाख डॉलरवर पाणी सोडून तो पुन्हा बर्फावर उतरला. २००४ मध्ये त्याला चिकाटीबद्दल दिला जाणारा पुरस्कार मिळाला. तो पुरस्कार बिल मास्टरटनच्या नावाचा आहे. हेल्मेटविना प्राण गमावलेल्या खेळाडूच्या स्मरणार्थ दिला जाणारा सन्मान व्हायझरविना दृष्टी गमावलेल्या खेळाडूला मिळावा, यापेक्षा या वादावर अधिक बोलके भाष्य शोधूनही सापडणार नाही.

एनएचएलच्या खालोखाल मानल्या जाणाऱ्या अमेरिकन हॉकी लीगने २००६-०७ च्या हंगामापासून व्हायझर बंधनकारक केला. एनएचएलमध्ये मात्र तो निर्णय २०१३-१४ मध्ये आला. तत्पूर्वी मार्च २०१३ मध्ये न्यू यॉर्क रेंजर्सच्या मार्क स्टाल याच्या डोळ्यावर पक बसला होता. या वेळीही २५ हून अधिक सामने खेळलेल्यांना सूट देण्यात आली. त्यामुळे व्हायझरविना खेळणाऱ्यांची संख्या वर्षागणिक घटत जाऊन बोटांवर मोजण्याइतकी राहिली.

आकडे काय सांगतात?

पूर्ण मुखकवचाच्या बाजूने सर्वांत आधी ठामपणे उभे राहिले ते नेत्रतज्ज्ञ. टोरोंटोचे डॉ. टॉम पॅश्बी यांनी १९७० च्या दशकापासून कॅनडातील आइस हॉकीत झालेल्या डोळ्यांच्या इजांची पद्धतशीर नोंद ठेवली. या प्रयत्नांतून मुखकवचाचे मानक ठरले आणि बालगटांतील खेळाडूंसाठी पूर्ण मुखकवच सक्तीचे झाले. प्रमाणित पूर्ण मुखकवच घातलेल्या खेळाडूने डोळा गमावल्याचे एकही उदाहरण त्यांच्या नोंदींत आढळले नाही.

तरुण, वेगवान खेळाडूंबाबतही निष्कर्ष वेगळा नाही. अमेरिकेतील एका उच्चस्तरीय ज्युनियर लीगमधील २८२ खेळाडूंचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. खेळाच्या दर एक हजार खेळाडू-तासांमागे चेहरा उघडा ठेवणाऱ्यांमध्ये चेहरा व मानेच्या इजांचे प्रमाण १५८.९ होते. अर्धे कवच वापरणाऱ्यांमध्ये ते ७३.५, तर पूर्ण कवच वापरणाऱ्यांमध्ये अवघे २३.२ आढळले. पूर्ण कवच वापरणाऱ्या एकाही खेळाडूच्या डोळ्याला इजा झाली नाही.

त्यापूर्वी, १९९९ मध्ये, कॅनडातील विद्यापीठ संघांच्या ६४२ खेळाडूंवरील अभ्यास 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता. पूर्ण कवच वापरणाऱ्यांच्या तुलनेत अर्धे कवच वापरणाऱ्यांना चेहऱ्यावर जखम होण्याचा धोका २.३१ पट, तर दातांना इजा होण्याचा धोका ९.९ पट आढळला. पूर्ण कवचामुळे मानेच्या दुखापती वाढतात, या आक्षेपाला या अभ्यासात पुष्टी मिळाली नाही.

याच अभ्यासाची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. मेंदूला बसणाऱ्या धक्क्याचे, म्हणजे कन्कशनचे, प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच होते. डोके वेगाने हेलकावल्यामुळे होणारी ही इजा चेहऱ्यावरच्या जाळीने टळत नाही. मात्र, अशी इजा झाल्यावर पूर्ण कवच वापरणारे खेळाडू लवकर परतल्याचे त्याच माहितीच्या आधारे पुढे दाखवून देण्यात आले. अर्धे कवच वापरणाऱ्यांचे दर कन्कशनमागे सरासरी ४.०७ सामने व सराव सत्रे बुडाली, तर पूर्ण कवच वापरणाऱ्यांची १.७१.

विरोधकांचे म्हणणे

पूर्ण मुखकवचाला असलेला विरोध केवळ हट्टातून आलेला आहे, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्यातील पहिला मुद्दा दृष्टीचा आहे. पायाजवळचा पक पाहताना जाळीच्या तारा मध्ये येतात, तर पारदर्शक पडद्यावर घाम आणि वाफ जमते. ज्या खेळात क्षणार्धात निर्णय घ्यावा लागतो आणि बाजूने येणारी धडक वेळीच दिसावी लागते, तेथे ही तक्रार किरकोळ नाही. परंतु लहानपणापासून जाळी लावून खेळलेल्या पिढ्यांना तिची सवय झालेली असते. ती सुटते ती प्रौढ गटात गेल्यावर, केवळ नियम परवानगी देतो म्हणून.

दुसरा मुद्दा वर्तनाचा आहे आणि तो अधिक वजनदार आहे. चेहरा सुरक्षित आहे असे वाटले, की खेळाडू बेफिकीर होतात, स्टिक खांद्याच्या वर सहज जाते आणि धडका अधिक आक्रमक होतात, असे अनेक प्रशिक्षकांचे मत आहे. व्हायझरमुळे परस्परांबद्दलचा आदर कमी होतो, असे कॅनडाचे प्रसिद्ध समालोचक डॉन चेरी वर्षानुवर्षे सांगत राहिले. २०१० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील काही महाविद्यालयीन प्रशिक्षकांनी याच कारणास्तव पूर्ण कवचाची सक्ती शिथिल करण्याची मागणी केली होती. ती मान्य झाली नाही.

या आक्षेपाला इतिहासाचा थोडा आधार आहे. कॅनडात मुखकवचाचा प्रसार होत असतानाच, १९८० च्या दशकात, मणक्याच्या गंभीर इजांकडे डॉ. चार्ल्स टेटर यांनी लक्ष वेधले. मात्र, त्यांतील अनेक इजांच्या मुळाशी मागून दिलेली धडक आणि डोके फळ्यांवर आपटणे ही कारणे होती. त्यावर उपाय म्हणून कवच काढण्यात आले नाही. मागून धडक देण्यास १९८५ मध्ये नियमाने बंदी घालण्यात आली. बेफिकीर खेळाला आवर घालण्याचे काम पंचांच्या शिट्टीचे आहे. सहकाऱ्याच्या डोळ्याच्या भीतीवर ते सोपवता येणार नाही.

तिसरा मुद्दा निवडीच्या स्वातंत्र्याचा. प्रौढ खेळाडूने आपल्या शरीराबाबत स्वतः निर्णय घ्यावा, ही एनएचएल खेळाडू संघटनेची दीर्घकाळची भूमिका होती. तत्त्वतः ती नाकारणे कठीण आहे. परंतु ज्या ड्रेसिंग रूममध्ये चेहऱ्यावरचे टाके आणि पडलेले दात हे शौर्याचे पदक मानले जाते, तेथे एकट्याने जाळी लावणारा खेळाडू खरोखर कितपत स्वतंत्र असतो? संघातील स्थान पक्के नसलेल्या नवोदिताला 'भित्रा' हा शिक्का परवडणारा नसतो. अशा वेळी सक्ती स्वातंत्र्य हिरावून घेत नाही. सर्वांना एकाच पातळीवर आणून ती टोमण्यातली हवा काढून घेते. महाविद्यालयीन हॉकीत जाळीवरून कोणी कोणाला हिणवत नाही, कारण ती सर्वांच्याच चेहऱ्यावर असते.

मार्ग कोणता?

हेल्मेट आणि व्हायझर या दोन्ही वेळी जो मार्ग निघाला, तोच येथेही निघू शकतो. सध्याच्या खेळाडूंना सूट आणि नव्याने येणाऱ्यांना सक्ती. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथे स्केटच्या पात्याने गळा चिरला जाऊन ॲडम जॉन्सन या खेळाडूचा मृत्यू झाला. त्यानंतर एनएचएलने गळ्याच्या संरक्षक पट्ट्यासाठी हीच पद्धत स्वीकारली. २०२६-२७ च्या हंगामापासून लीगमध्ये नव्याने येणाऱ्यांना तो बंधनकारक करण्याचे २०२५ मध्ये ठरले. पूर्ण मुखकवचासाठी तर ही वाट अधिक सोपी आहे, कारण नवोदित खेळाडू ते वापरतच मोठे झालेले असतात. त्यांना नवे काही शिकायचे नाही. फक्त जे आहे ते काढायचे नाही.

पूर्ण मुखकवच हा सर्व इजांवरचा उतारा नव्हे. कन्कशन, मानेच्या दुखापती आणि मैदानावरील हाणामाऱ्या यांच्यासाठी वेगळे उपाय लागतील, आणि स्टिक उंच उचलणाऱ्यास कठोर शिक्षा तर हवीच. परंतु तुटलेला दात पुन्हा बसवता येतो, मोडलेला जबडा जोडता येतो; फुटलेला डोळा परत मिळत नाही. जे नुकसान भरून येत नाही, ते एका जाळीने टळत असेल, तर पुढच्या पिढीच्या खेळाडूंना ती देण्यासाठी आणखी एका बेरार्डची वाट पाहण्याचे कारण उरत नाही.