करवतीच्या गिरणींतील अपघात व आपल्या बांधावरील खिळे

बांधावरील बाभूळ अगर कडुनिंब तोडला म्हणजे त्याचा ओंडका चिरण्यासाठीं करवतीच्या गिरणीवर जातो. फळ्या मोजून घेऊन आपण परततों. करवतीपाशीं उभ्या असलेल्या इसमाच्या हातांवर काय प्रसंग येतो, याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. कामगारास ठरलेली भरपाई मालकानें न दिल्यास ती जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणें वसूल होत असे, म्हणून असे कांहीं कागद आमच्या मेजावर येत. ‘हात चुकून लागला’ एवढेंच कारण त्यांत लिहिलेलें असे. चुकून म्हणजे कसा, हें विचारण्याची तसदी आम्हींही घेतली नाहीं.

पुढें एका गिरणीवर उभे राहून पाहिलें तेव्हां उलगडा झाला. ओल्या अगर पिळदार लाकडांत ताण असतो. करवत पुढें सरकली कीं मागील चीर मिटूं लागते व पातें तींत आवळलें जातें. गोल करवतीचे दांते पुढें खालीं जातात व मागें वर येतात. या मागच्या दांत्यांनीं फळी उचलली म्हणजे ती ढकलणाराच्याच अंगावर उलटते, आणि तिच्यावर टेकलेला हात पात्यावर जातो. उपाय खर्चाचा नाहीं. पात्यामागें लगत एक पोलादी पट्टी उभी बसवावी. ती पात्याच्या पत्र्याहून किंचित् जाड, पण चिरेहून पातळ असावी. शेवटची वीतभर फळी खांच पाडलेल्या काठीनें ढकलावी. हातमोजे घालावे असें कित्येकांस वाटतें, पण फिरत्या पात्यापाशीं ते घातकच. कापड दांत्यांत अडकलें कीं पंजाही ओढला जातो.

येथवर दोष गिरणीचा झाला, आतां आपला. कुंपणाची तार ताणण्यास, कंदील टांगण्यास आपण जिवंत झाडांत खिळे ठोकतों. झाड जाड होतें तसतसा खिळा आंत बुडतो व वीस वर्षांनीं ठोकणाराही तो विसरतो. करवतीस मात्र तो सांपडतो. दांता उडाला तर समोरच्याचा डोळा जातो. बाभळीच्या लाकडांत लोखंडाभोंवतीं निळसर काळा डाग पडतो. ओंडक्याच्या टोकास तसा डाग दिसल्यास गिरणीवाल्यास आधीं सांगावें, व तेवढा भाग खुशाल जळणास काढावा.

१९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टांत, पुढील दुरुस्त्यांनंतर, आंगठा गेल्यास कमाईची शक्ति शेंकडा ३० व एका हाताचीं चार बोटें गेल्यास शेंकडा ५० घटली असें धरीत. हजेरीपत्रकावर ज्यांचें नांवच नव्हतें, त्यांचे कागद आमच्या मेजापर्यंत क्वचितच पोंचले.