चोथ्याचा जमाखर्च

शंभर ग्रॅम कॉफीपूड फिल्टरमध्ये घातली, तर पेल्यात उतरतो तो तिचा सुमारे २० ग्रॅम अंश. उरलेले ८० ग्रॅम चोथा म्हणून टाकले जातात. मालाचा एवढा भाग कचऱ्यात जात असेल, तर त्याचा हिशेब मांडणे व्यापारी कुटुंबांना अपरिचित वाटू नये.

वाळवलेल्या चोथ्यात वजनाच्या १० ते १५ टक्के तेल असते. हेक्झेनसारख्या द्रावकाने किंवा उच्च दाबाखालील कार्बन डायऑक्साइडने ते वेगळे करता येते आणि प्रसाधनांत वापरता येते. पाणी व इथेनॉल यांच्या मिश्रणात क्लोरोजेनिक आम्लासारखी, ऑक्सिडीकरण रोखणारी द्रव्ये उतरतात. चोथा हवेविना ३५० अंश सेल्सिअसला तापवला, की त्याचा कोळसा होतो. काँक्रीटमधील १५ टक्के वाळूऐवजी हा कोळसा वापरल्यास बळकटी सुमारे ३० टक्क्यांनी वाढते, असे ऑस्ट्रेलियातील आरएमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांना २०२३ मध्ये आढळले.

मग हा उद्योग सर्वत्र का नाही? उत्तर खर्चाच्या बाजूला आहे. ओल्या चोथ्यात सुमारे ६० टक्के पाणी असते. शंभर किलो चोथा वाहून आणला, तर वाळल्यावर ४० किलो उरतो आणि तेल मिळते जेमतेम ४ ते ६ किलो. वाहतूक पाण्याची आणि इंधनही पाणी आटवण्यासाठीच! ब्रिटनमध्ये २०१३ साली स्थापन झालेली बायो-बीन ही कंपनी उपाहारगृहांतील चोथा गोळा करून त्याचे जळाऊ ठोकळे बनवी. तिचे मोठे कौतुक झाले. तरीही २०२३ मध्ये ती बंद पडली.

इन्स्टंट कॉफीच्या कारखान्यांची स्थिती वेगळी. तेथे चोथा एकाच ठिकाणी मोठ्या प्रमाणात निघतो आणि बहुधा बॉयलरमध्ये जाळला जातो. आधी तेल व द्रव्ये काढून घ्यावीत आणि जाळणे शेवटी ठेवावे, हा क्रम तेथेच परवडण्याची शक्यता अधिक.

ओला चोथा साठून राहिला, की बुरशी धरतो. जीवोत्पत्ती होऊ नये म्हणून वस्तू वेळीच वाळवून ठेवण्याची यतना जैन स्वयंपाकघराला नवी नाही. या उद्योगाची पहिली पायरीही तीच आहे. टाकाऊ वस्तूत द्रव्य असते, हे खरे. परंतु ते कोठे, किती आणि कोणत्या खर्चाने हाती येते, हे पाहूनच भांडवल गुंतवावे. विवेकाविना केलेली काटकसर हीदेखील उधळपट्टीच ठरते.