दगड न होणारं आइस्क्रीम

नवतपा लागायच्या आधीच गोंदियात दुपारी रस्ते ओस पडतात. पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो आणि नळाचं पाणीही हाताला चटका देतं. माझा भाचा पोलीस भरतीची तयारी करतो. पहाटे मैदानावर १६०० मीटरचा सराव, घरी आल्यावर भिजवलेले हरभरे. गेल्या मे महिन्यात त्याला चॉकलेट-पुदिन्याचं प्रोटीन आइस्क्रीम हवं झालं. आम्ही पातळ दुधात त्याच्याकडची प्रोटीन पावडर भरपूर ओतली, साखर जवळजवळ टाकलीच नाही आणि डबा रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवला. सकाळी त्यात चमचा वाकला.

"मामी, हे तं दगड झालं न!"

चूक कुठे झाली हे नंतर उमगलं. गाईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असतं आणि आइस्क्रीमची सगळी कला त्या पाण्याला आवरण्यात आहे. ते सावकाश, न ढवळता गोठलं की बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि जिभेला खरखरतात. साखर केवळ गोडीसाठी नसते. ती विरघळलेली असली की पाण्याचा गोठणबिंदू उतरतो, उणे १८ अंशांतही थोडं पाणी गोठायचं राहतं, म्हणून चमचा आत शिरतो. साय त्याला मऊपणा देते, ढवळताना शिरलेली हवा हलकेपणा. प्रथिनं पाणी धरून ठेवतात खरी, पण कोरडी पावडर वाजवीपेक्षा जास्त झाली की तोंडात पिठूळ लागतं. दुधाची पावडरही बेतानेच, नाहीतर तिच्यातली दुग्धशर्करा वाळूसारखी दाताखाली येते.

आता मी असं करते. अर्धा लिटर सायीचं दूध थोडं आटवायचं. त्यात ९० ग्रॅम साखर, ५० ग्रॅम दुधाची पावडर आणि तीन चमचे कोको. कोको आधी थोड्या गरम दुधात घोटून घ्यायचा, तरच त्याचा वास खुलतो. गॅस बंद करून पंचवीसेक पुदिन्याची पानं हाताने चुरगळून टाकायची आणि वीस मिनिटं झाकण ठेवायचं. पुदिना उकळू नका, पालेभाजीचा वास येतो. मग गाळून पूर्ण गार करायचं आणि २०० ग्रॅम ताजा चक्का घुसळून मिसळायचा. गरम दुधात तो फाटतो. आपल्या उन्हाळ्यात दही बाहेर टांगलं तर तासाभरात आंबतं, म्हणून चाळणीत फडकं घालून ते फ्रिजमध्येच निथळत ठेवा. मिश्रण चाखल्यावर किंचित जास्त गोड वाटलं पाहिजे, कारण थंडीत जिभेला गोडी कमी कळते.

यात साधारण ५० ग्रॅम प्रथिनं येतात, म्हणजे सहा वाट्या केल्या तर वाटीला आठेक. आपल्या अन्नसुरक्षा मानकांत आइस्क्रीमला किमान १० टक्के दुधाचा स्निग्धांश आणि ३.५ टक्के प्रथिनं सांगितली आहेत. आपलं मिश्रण प्रथिनांत त्याच्या बरंच पुढे जातं, तेही प्रोटीन पावडरच्या महागड्या डब्याशिवाय.

पुदिन्याचा गारवा हा खरं तर मज्जातंतूंचा भास. मेंथॉल थंडी ओळखणाऱ्या ग्राहकालाच (रिसेप्टरलाच) चेतवतं. या ग्राहकाच्या शोधात वाटा असलेल्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं. मोरीजवळ लावलेल्या पुदिन्यात मात्र मेंथॉल फार कमी. त्याचा सुगंध कार्व्होनचा. म्हणून घरचं आइस्क्रीम पेपरमिंटच्या गोळीसारखं झोंबत नाही. मला तो हिरवा, सौम्य वासच आवडतो.

पसरट स्टीलच्या डब्यात ओतलं की कडा आधी गोठतात. दर पाऊण तासाने काट्याने त्या खरवडून मध्ये आणायच्या, असं चार वेळा. चौथ्या वेळी मिश्रण काट्याला चिकटून वर येतं, तेव्हा हात थांबवायचा. वाढायच्या आधी दहा मिनिटं डबा बाहेर काढून ठेवा.

आणि वादळी पावसात लाईन गेली, डबा सैल पडायला लागला, तर वाट पाहू नका. शेजारच्या पोरांना हाक मारा आणि वाटून टाका. वितळलेलं पुन्हा गोठवलं की तोच दगड परत येतो, आणि उन्हाळ्यात ते खाणं पोटालाही बरं नाही.