शस्त्रक्रियेला जाणारे मूल

घरातल्या चार-पाच वर्षांच्या मुलावर शस्त्रक्रिया करावी लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले की घराचा सूरच बदलतो. मोठी माणसे दबक्या आवाजात बोलू लागतात, आजी देवापुढे जरा जास्त वेळ बसते आणि मूल जवळ आले की बोलणे मध्येच थांबते. आमच्या पेडणे-डिचोलीकडील गावांत तर ‘बांबोळीला न्यायचे आहे’ एवढे शब्द कानी पडले तरी शेजारीपाजारी चौकशीला येतात. मोठा अपघात झाला, दुखणे विकोपाला गेले म्हणजे बांबोळीचे इस्पितळ, असा त्या नावाचा धाक मनात बसलेला असतो. मूल त्या वेळी ओसरीवर खेळत असते. त्याला काय कळते, अशी आपली समजूत. वस्तुतः काही तरी मोठे आणि वाईट घडणार आहे, एवढे त्याला आपल्या चेहऱ्यांवरून कळलेलेच असते; ते नेमके काय, हे मात्र कोणी सांगत नाही. मग त्याची कल्पनाच ते सांगू लागते, आणि मुलाच्या कल्पनेतली सुरी डॉक्टरांच्या सुरीहून फार मोठी असते.

अशा वेळी प्रेमळ माणसेच मुलाला फसवतात. ‘चल, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला जाऊ, तुला खेळणे घेऊ,’ असे सांगून त्याला घराबाहेर काढले जाते आणि मोटार थांबते ती इस्पितळाच्या दारात. ‘सुई मुळीच टोचणार नाहीत,’ असे वचन दिले जाते आणि पाचच मिनिटांत सुई टोचली जाते. त्या दिवसाचे काम भागते, हे खरे. पण टाके काढायचे असतात, पट्टी बदलायची असते, पुढल्या महिन्यात पुन्हा दाखवायला न्यायचे असते. त्या प्रत्येक वेळी, ‘काही होणार नाही, बाळा,’ हे आईचे शब्द मुलाच्या लेखी फुकट गेलेले असतात. जखम आठ-पंधरा दिवसांत भरते. गेलेला विश्वास भरून यायला त्याहून कितीतरी अधिक काळ लागतो.

शस्त्रक्रियेतील वेदनेवर माणसाने उपाय शोधला, त्याला आता पावणेदोनशेहून अधिक वर्षे झाली. १८४६ साली अमेरिकेत बॉस्टन येथे ईथर हुंगवून वेदनेविना शस्त्रक्रिया करता येते, हे जाहीरपणे दाखवून देण्यात आले. आपल्या पणजीतील वैद्यकीय शाळा त्याआधी चारच वर्षे, म्हणजे १८४२ साली, स्थापन झाली होती. बांबोळीचे आजचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय ही तिचीच पुढची वाढ. वेदनेचा प्रश्न असा सुटत गेला. मुलाच्या भीतीकडे मात्र वैद्यकाचे नीट लक्ष जायला आणखी शंभरेक वर्षे लागली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ब्रिटनमधील कित्येक इस्पितळांत आईबापांना आपल्या मुलाला भेटायला मोजकाच वेळ मिळे. आई आली की मूल रडते, म्हणून आईने येऊच नये, असा त्यामागचा युक्तिवाद होता. जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली एक छोटा चित्रपट दाखवला. त्यात अडीच वर्षांचीही न झालेली एक मुलगी बेंबीच्या अंतर्गळाच्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस इस्पितळात एकटी राहते. ती फारसा आकांत करीत नाही; पण तिचा चेहरा दिवसागणिक मिटत जातो, आणि तिचे मुकाटपण म्हणजे समाधान नव्हे, हे पाहणाराला उमगते. पुढे १९५९ साली सर हॅरी प्लॅट यांच्या समितीने आपला अहवाल दिला. आईबापांना मुलाकडे केव्हाही जाता यावे आणि लहान मुलाबरोबर आईला राहता यावे, अशा त्यातील शिफारशी होत्या. आज जगभरच्या बालरुग्णालयांत हा विचार रुजला आहे.

आपल्याकडे मूल आजारी पडले की आई, आजी, मावशी उशापायथ्याशी असतातच. आपल्यापाशी माणसांची उणीव नसते. उणीव असते ती खऱ्या शब्दांची. तेव्हा मुलाला काय सांगावे, केव्हा सांगावे आणि कसे सांगावे, याचा थोडा विचार करू.

प्रथम ‘केव्हा’. दोन-तीन वर्षांच्या मुलाला काळाचा अंदाज नसतो. त्याला आठवडाभर आधी सांगणे म्हणजे आठवडाभर घाबरवणे. आदल्या दिवशी किंवा फार तर दोन दिवस आधी सांगावे. चार ते सहा वर्षांच्या मुलाला तीन-चार दिवस पुरेत. शाळेत रुळलेल्या मोठ्या मुलाला मात्र आठवडाभर तरी आधी सांगावे, कारण त्याला प्रश्न सुचतात आणि ते विचारायला सवड लागते. सांगण्याची वेळ रात्री निजतानाची नसावी. दिवसाउजेडी, मूल जेवूनखाऊन स्वस्थ असताना सांगावे.

मग ‘काय’. मुलाला वैद्यकशास्त्र नको असते. आपण कुठे जाणार, तिथे कोण भेटणार, दुखणार का, आई कुठे असणार आणि घरी केव्हा येणार, हे त्याला हवे असते. हा सगळा दिवस एखाद्या प्रवासासारखा सांगावा. पेडण्याच्या मुलाला सांगता येईल : ‘सकाळी आपण गाडीत बसू. कोलवाळचा पूल लागेल, मग म्हापसा, मग पर्वरी, मग मांडवीवरचा मोठा पूल. पुढे पठारावर इस्पितळ. तिथे सिस्टर तुला दुसरे कपडे देईल. डॉक्टर तुला औषधाची झोप देतील. तू झोपलेला असताना ते तुझ्या पोटाजवळची गाठ बरी करतील. मग तू जागा होशील, तेव्हा मी तिथे असेन.’ डिचोलीच्या मुलासाठी हीच वाट अस्नोड्यावरून म्हापशाला येईल. ओळखीची ठिकाणे एकामागून एक आली की अनोळखी ठिकाणही त्याच रांगेतले एक होऊन बसते. आणि हे सांगावे ते मुलाच्या घरच्या बोलीत. आमची मुले पुस्तकातली मराठी शिकतात, परंतु ती रडतात आपल्या बोलीतच. ‘माका दुखता’ हे इस्पितळातही मोकळेपणाने म्हणायचे असते, हे त्यांना आधीच सांगून ठेवावे.

शब्द जपून निवडावेत. ‘कापणार’, ‘फाडणार’ हे शब्द मुलासमोर मोठ्यांनी आपापसांतही उच्चारू नयेत. ‘बरे करणार’, ‘नीट करणार’ म्हणावे. ‘झोप’ या शब्दालाही थोडी फोड हवी. रोज रात्री येते ती झोप वेगळी आणि औषधाची झोप वेगळी, हे सांगितले नाही, तर घरी आल्यावर मूल रात्री डोळे मिटायला भिते, किंवा शस्त्रक्रियेच्या मध्येच आपण जागे होऊ, असे त्याला वाटते. औषधाची झोप देणारा डॉक्टर वेगळा असतो, तो सारा वेळ जवळ बसून लक्ष ठेवतो आणि काम संपल्यावर उठवतो, असे सांगावे. ‘दुखेल का?’ या प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर देऊ नये. ‘थोडे दुखेल, दुखले की सांग, त्याचे औषध असते,’ हे उत्तर खरेही आहे आणि धीराचेही आहे.

तिसरा प्रश्न ‘कसे’. लहान मूल ऐकून शिकते त्याहून अधिक खेळून शिकते. बाहुलीला पट्टी बांधू द्यावी, तिला सुई टोचू द्यावी आणि मग तिला कुशीत घेऊ द्यावे. भूल देताना नाकातोंडावर मुखवटा ठेवतात. त्यासाठी कागदाचा द्रोण तोंडावर धरून फुगा फुगवल्यासारखा श्वास सोडायचा खेळ खेळावा. दोन दिवस हा खेळ खेळलेल्या मुलाला तो मुखवटा परका वाटत नाही. आणखी एक गोष्ट मोठ्यांनी कायमची सोडून द्यावी : ‘रडलास तर डॉक्टर सुई टोचेल,’ ही धमकी. वर्षभर ज्याचा बागुलबुवा केला, त्याच्याच हाती एके दिवशी मुलाला सोपवायचे असते!

सहा-सात वर्षांखालच्या मुलांच्या मनात एक विचित्र हिशेब चालतो. आपण खोडी केली, भावाला मारले, म्हणून ही शिक्षा झाली, असे त्यांना वाटते. ‘देवाने बघितले हां!’ असे कोणी सहज बोलून गेले की तो हिशेब पक्का होतो. म्हणून मुलाने विचारले नाही तरी सांगावे : हे तुझ्यामुळे झालेले नाही. जांघेतल्या अंतर्गळाचेच पाहा. जन्माआधी पोटातून खाली येणारी एक वाट असते. ती एरवी मिटून जाते, काही मुलांत उघडी राहते आणि तिच्यातून आतडे खाली उतरते. यात कोणाचा दोष? बेंबीचा अंतर्गळ पुष्कळदा वाढत्या वयात आपोआप बरा होतो. जांघेतला होत नाही. उलट आतडे अडकून जिवावर बेतू शकते. म्हणून डॉक्टरांनी वेळ ठरवली असता, ‘जरा मोठा होऊ दे,’ म्हणून भीतीपोटी दिवस ढकलू नयेत.

आता शरीराच्या तयारीविषयी. शस्त्रक्रियेपूर्वी उपाशी ठेवण्याचा नियम पुष्कळांना निर्दयपणाचा वाटतो, कारण त्याचे कारण ठाऊक नसते. भूल दिली की घशाची राखणही झोपी जाते. पोटात अन्न असले तर ते वर येऊन श्वासनलिकेत, तिथून फुप्फुसांत उतरू शकते. म्हणून सर्वसाधारणपणे अन्न व वरचे दूध सहा तास आधी, अंगावरचे दूध चार तास आधी आणि निवळ पाणी दोन तास आधी बंद करतात; तुमच्या मुलासाठी डॉक्टरांनी जी वेळ सांगितली असेल, तीच पाळावी. आपल्या घरांत चूक होते ती पेजेपाशी. पेज पातळ असली तरी ती अन्नच. दूध घातलेला चहाही पाणी नव्हे. निघताना आजीने मायेने जिभेवर ठेवलेला प्रसादाचा तुकडाही त्यात आला. त्या तुकड्यापायी शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेली तर बरेच म्हणायचे. तो लपवला गेला तर मुलाच्या जिवाला धोका. प्रसाद घरी आल्यावर द्यावा. काही चुकून पोटात गेलेच, तर न लाजता सांगून टाकावे.

सर्दी, खोकला, ताप असल्यास आधी कळवावे. अशा वेळी भूल देताना श्वासाचा त्रास होण्याचा संभव वाढतो. हलणारा दात, एखाद्या औषधाचे वावडे, नुकतीच दिलेली लस, घरात कोणाला भूल देताना झालेला त्रास, चालू असलेले झाडपाल्याचे औषध, हे सारे डॉक्टरांना सांगावे. नखांचा रंग काढावा, कारण बोटाला लावलेल्या यंत्राने रक्तातील प्राणवायू पाहायचा असतो. गळ्यात ताईत असो, काळा दोरा असो की क्रूस असो, तो काढून ठेवायला सांगतात. मुलाला त्याचे फार वाटते. ‘आण, मी माझ्या हाताला बांधते; तू येईपर्यंत सांभाळते,’ असे आईने म्हटले, तर श्रद्धाही राहते आणि नियमही.

दारापाशी निरोप घेण्याचा क्षण सर्वांत कठीण. आई आत कुठपर्यंत येऊ शकते, हे त्या त्या इस्पितळाच्या नियमावर असते. ते आदल्या दिवशीच विचारून घ्यावे आणि तेवढेच वचन मुलाला द्यावे. मुलाची नजर चुकवून निसटू नये. ‘मी इथे बाकावर बसते,’ असे सांगावे आणि खरोखरच तिथे बसावे. मूल रडले तर रडू द्यावे. ‘शूर मुलगे रडत नाहीत,’ हे वाक्य त्या क्षणी मुलाच्या कामाचे नसते.

जागे होताना काही मुले, विशेषतः दोन ते पाच वर्षांची, विलक्षण बिथरतात. हातपाय झाडतात, आईलाही ओळखत नाहीत. हा भुलीचा उतार असतो आणि बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरतो. हे आधी ठाऊक असले तर आई घाबरत नाही. घरी आल्यावर काही दिवस मूल अंथरुण ओले करील, रात्री दचकेल, पदर सोडणार नाही. त्याला हिणवू नये. माया आणि रोजचा क्रम यांनी ते बहुधा दोन-चार आठवड्यांत पूर्ववत होते. ताप चढला, रक्त येऊ लागले, उलट्या थांबेनात किंवा लघवी होईना, तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांना गाठावे.

शेवटी शाळेविषयी. शाळा-अंगणवाड्यांत मुलांची आरोग्य तपासणी करणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. काही मुलांचे दुखणे त्या तपासणीतच प्रथम लक्षात येते. म्हणून आम्हां शिक्षकांचाही यात वाटा आहे. मूल परत येते त्या दिवशी वर्गाने त्याच्याभोवती गोळा होऊन ‘टाके दाखव’ म्हणू नये, धावण्याच्या तासाला त्याला निमूटपणे दुसरे काम द्यावे आणि बाकावरची त्याची जागा तशीच राखलेली असावी.

एका दृष्टीने पाहता, मुलाच्या आयुष्यातील ही पहिली मोठी परीक्षा असते. पण तिची तयारी करायची असते ती मोठ्या माणसांनी. सुरी डॉक्टरांच्या हाती असते, भूल भूलतज्ज्ञांच्या हाती असते. ‘आईने सांगितले तसेच झाले,’ असे मुलाला शेवटी म्हणता यावे, एवढे मात्र आपल्या हाती असते. ज्या मुलाला असे म्हणता येते, ते पुढल्या वेळी आईचा हात धरून त्याच पायऱ्या पुन्हा चढते.