तीन महिन्यांचे इंजेक्शन आणि एसटीचे भाडे

लघवी अडली तर ‘वयच झालं’ म्हणायचे आणि पाठ धरली तर तेल चोळायचे. आपल्या खेड्यांतली पुरुषमंडळी असेच दिवस काढतात. प्रोस्टेटच्या कर्करोगाचे निदान होते तेव्हा तो अनेकदा हाडांत उतरलेला असतो.

हा कर्करोग पुरुषी संप्रेरकावर पोसतो, हे शिकागोत चार्ल्स हगिन्स यांनी 1941 मध्ये दाखवले. 1966 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. वृषणे काढली की आजार मागे हटतो. ही शस्त्रक्रिया आजही होते. छोटी, एकदाच करायची आणि स्वस्त. दुसरा मार्ग इंजेक्शनांचा, बहुधा दर तीन महिन्यांनी, वर्षानुवर्षे. गुण साधारण सारखाच.

आमच्या तात्यांपुढे डॉक्टरांनी हे दोन्ही पर्याय पाच मिनिटांत मांडले. पहिला ऐकताच तात्यांची मान खाली गेली. इंजेक्शन ठरले. चौथ्या वेळी सोयाबीनचे पैसे आले नव्हते आणि गाडीभाडेही नव्हते. ते गेलेच नाहीत. पुढे पायांतली ताकद गेली. काकू म्हणाल्या, “मला कुणी विचारलंच नाही. मी समजावलं असतं.”

शल्यविशारद, किरणोपचारतज्ज्ञ, औषधोपचारतज्ज्ञ, पॅथॉलॉजिस्ट यांनी एकत्र बसून एकेका रुग्णाचा विचार करायचा, ही पद्धत मोठ्या रुग्णालयांत रुळली आहे. तालुक्याला एवढे तज्ज्ञ कुठून आणणार? 2012 मध्ये सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये आज 300 हून अधिक संस्था आहेत. तिच्यामार्फत पडद्यावरून अशा चर्चा होतात. ही सोय मोलाची आहे. पण माझ्या मते पथकातली खरी उणीव वेगळी आहे. घरच्यांना बसवून दोन्ही मार्गांचा वर्षाचा हिशेब मांडणारी परिचारिका कुठे आहे? मणक्यावर दाब आला तर पाय लुळे पडू लागतात. तेव्हा पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे, हे आशाताईंना कुणी सांगितले आहे का?

औषध देणाऱ्याचेही तेच. आजार पसरल्यावर दिल्या जाणाऱ्या अबिराटेरॉनची नेहमीची मात्रा रिकाम्या पोटी 1000 मिलिग्रॅम. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत 250 मिलिग्रॅम, कमी स्निग्ध न्याहारीबरोबर घेतल्यावर, पीएसए तेवढाच उतरला. म्हणजे खर्च चौथाईवर. मात्र हे डॉक्टरांनीच ठरवायचे. अन्नातल्या तेलातुपाबरोबर हे औषध रक्तात कित्येक पटींनी जास्त उतरते. तेव्हा न्याहारीला काय खायचे आणि काय नाही, हे गोळ्यांची पुडी हातात ठेवतानाच सांगावे लागते, आणि शक्यतो स्वयंपाक करणारीला.