जुनी डिस्क काढली, दुकानाचा संगणक अडला

आंधळगाव-मोहाडीच्या कोसा साड्यांची उधारी आमच्या दुकानात संगणकावर असते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे मोफत अपडेट थांबले, म्हणून नवी एसएसडी बसवून विंडोज ११ टाकले. पण जुनी डिस्क काढताच संगणक सुरूच होईना. वाटले, हिशेब बुडाला!

कारण साधे होते. विंडोज टाकताना जुनी डिस्क जोडलेलीच होती; संगणक सुरू करणाऱ्या फायली तिच्याच ईएफआय पार्टिशनमध्ये गेल्या. डिस्क परत जोडली, संगणक चालू झाला. आधी हिशेबाची नक्कल पेनड्राइव्हवर घेतली. मग कारागिराने नव्या डिस्कवर छोटे ईएफआय पार्टिशन केले, बीसीडीबूट कमांडने त्या फायली तेथे तयार केल्या आणि बायोसमध्ये नवी डिस्क पहिली लावली.

व्यापारी बंधूंनो, विंडोज टाकताना एकच डिस्क जोडलेली ठेवा. नकलेशिवाय पार्टिशनला हात लावू देऊ नका.